चष्म्याचा नंबर घालवायचा आहे? आधी एवढे पाहा

लॅसिक, पीआरके आणि स्माईल या डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियांतील सर्वांत चांगली पद्धत कोणती, असा प्रश्न घेऊन लातूरहून छत्रपती संभाजीनगर गाठू नका. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी आणि आकार तपासल्यावरच निवड ठरते.

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून लेसर देतात, त्यामुळे दृष्टी लवकर सुधारते. पीआरकेत असा पापुद्रा कापून उचलावा लागत नाही, म्हणून कॉर्निया पातळ असलेल्यांना किंवा कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांना मी तिचाच विचार आधी करायला सांगेन, मात्र सुरुवातीचे काही दिवस डोळे दुखतात. स्माईलला साधारण २ ते ४ मिलिमीटरचा छेद पुरतो.

नवखे दोन ठिकाणी चुकतात: नंबर वर्षभर स्थिर नसताना घाई करतात आणि तपासणीपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स वापरत राहतात, ज्यामुळे मापे चुकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यातील धूळ आणि शेतातील सुगी टाळूनच तारीख घ्या.