जुना मराठी विनोदी चित्रपट थिएटरचा की दूरदर्शनसाठी केलेली टेलिफिल्म, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी सुरुवातीचं सेन्सॉर सर्टिफिकेट बघा: त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी असेल, तर तो थिएटरसाठीच काढलेला चित्रपट आहे. दूरदर्शनच्या टेलिफिल्मला सहसा असलं सर्टिफिकेट नसतंच. पंचाईत अशी की यूट्यूबवर टाकताना नेमका तेवढाच भाग उडवलेला असतो. मग पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लक्ष ठेवा. थिएटरच्या प्रिंटमध्ये रीळ संपत आलं की तिथे एक ठिपका क्षणभर चमकतो आणि सातेक सेकंदांनी पुन्हा चमकतो. प्रोजेक्टर बदलणाऱ्या ऑपरेटरसाठी ती खूण असे. त्याच सुमारास ओरखडेही वाढतात. साधारण 20 मिनिटांनी हेच पुन्हा दिसलं, तर शंकाच नको. शिवाय 'मध्यांतर'ची पाटी, हाही थिएटरचाच पुरावा. व्हिडिओवर चित्रित केलेल्या टेलिफिल्ममध्ये हालचाल मालिकेसारखी गुळगुळीत दिसते.

चौकोनी चित्रावरून मात्र काही ठरवू नका, कॅसेट काढताना थिएटरच्या चित्रपटांच्याही कडा कापल्या जायच्या. आणि फिल्मवर चित्रित झालंय म्हणजे थिएटरचंच, असंही नाही. सत्यजित राय यांची 'सद्गती' (1981) विनोदी नाही, पण ती दूरदर्शनसाठी केलेली होती आणि तरीही फिल्मवरच चित्रित झालेली आहे.