माजी सैनिकांना चांगले कायदे आणि सवलती मिळाव्यात म्हणून सामान्य माणूस काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की घरात कोणी फौजेत नाही, तरी काहीतरी करावंसं वाटतं. आणि मोर्चा-उपोषणाने खरंच काही बदलतं का, अशी शंकाही आहे. मी फौजेत क्लर्क होतो, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आता आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांची कागदपत्रं बघून देतो. त्यामुळे उत्तर जरा कारकुनी वाटेल. मोर्चाचा उपयोग होतो, पण मागणी आधी कागदावर नीट मांडलेली असेल तरच.

वन रँक वन पेन्शनचंच घ्या. हुद्दा सारखा, नोकरीची वर्षं सारखी, तर पेन्शनही सारखी, मग निवृत्तीचं साल कुठलंही असो. लोकांना जंतरमंतर आठवतं. जून २०१५ पासून म्हातारे सुभेदार मेडलं लावून तिथे उन्हात बसले होते. पण त्याच्या साडेतीन वर्षं आधी, डिसेंबर २०११ मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीने हीच शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. मागणीची व्याख्या तिथे लिहिलेली होती, म्हणून आंदोलकांना नुसतं ‘न्याय द्या’ म्हणत बसावं लागलं नाही. ५ सप्टेंबर २०१५ ला तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी घोषणा केली, लाभ १ जुलै २०१४ पासून. त्यात फेरआढावा दर पाच वर्षांनी अशी मेख होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारचं धोरण उचलून धरलं, मात्र जुलै २०१९ पासूनचा रखडलेला फेरआढावा करायला लावला. म्हणजे मिळालं, पण अर्धंमुर्धं.

आज माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय अपंगत्व पेन्शनमध्ये होतो, आणि त्यावर कोणी बोलत नाही. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांची तपासणी, होतो. वीस वर्षांच्या नोकरीत बीपी किंवा साखर लागली असेल तर बोर्डाच्या कागदावर अपंगत्वाचे टक्के लिहितात. आणि तिथेच प्रश्न असतो: आजार नोकरीमुळे झाला का, नोकरीमुळे वाढला का? दोन्हीकडे ‘नाही’ पडलं की पेन्शनचा अपंगत्वाचा भाग गेला. कारणाची ओळ बऱ्याचदा ठरलेली: आजार सुरू झाला तेव्हा नेमणूक शांत भागात होती. सियाचीनवरून उतरलेल्या माणसाचा बीपी पुण्यात सापडला, तर तो पुण्याचा!

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात सांगितलं, की भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती असा आजार पुढे निघाला तर तो नोकरीमुळेच, असं धरून चालायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. २०१४ च्या राम अवतार निकालाने टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा फायदा (२० ते ५० च्या आतली असेल तर सरसकट ५०) मुदत पुरी करून घरी आलेल्यांनाही दिला. तरीही माणसाला एकट्याने वकील करून सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे फौजींच्या नोकरी-पेन्शनचे खटले चालतात त्या कोर्टात, जावं लागतं. तिथे जिंकला तरी सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं, आणि जातंही. असे खटले कमी कसे करायचे हे सांगण्यासाठी पर्रीकरांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती, तिचा अहवालही त्याच वर्षी आला.

इथे तुमच्यासारख्याचा उपयोग आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहा, पण त्यात ‘सैनिकांचा सन्मान’ वगैरे नको. एकच प्रश्न संसदेत विचारायला सांगा: न्यायाधिकरणाने माजी सैनिकांच्या बाजूने दिलेल्या किती अपंगत्व पेन्शन निकालांना संरक्षण मंत्रालयाने आव्हान दिलं, आणि त्यावर किती खर्च झाला? लेखी उत्तर आलं की तेच पुढच्या मागणीचा पाया होतं.

बाकी गावातही काम पडलंय. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली. २६ जानेवारीला शाल-श्रीफळ देणारी ग्रामपंचायत मार्चमध्ये त्याच माणसाला घरपट्टीचं बिल पाठवते, असं मी पाहिलंय. ग्रामसभेत उठून विचारायला फौजी असावं लागत नाही.

आणि विधवांची फॅमिली पेन्शन. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. फौजेच्या रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नवरा हयात असताना एक अर्ज आणि एका प्रतिज्ञापत्रात मिटणारी गोष्ट. तो गेल्यावर सत्तरीतली बाई ‘ही मीच’ हे सिद्ध करत फिरते. ओळखीत कोणी माजी सैनिक असेल तर त्याला पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक) काढायला सांगा, बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा. फरक दिसला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.