माजी खेळाडू मॅनेजमेंटला झोडतात, त्यात खरं किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रविवारी रात्री नऊ-दहाची मॅच संपली की रॉय कीन, गॅरी नेव्हिल, रिओ फर्डिनंड या माजी खेळाडूंपैकी कोणीतरी टीव्हीवर मँचेस्टर युनायटेडच्या मॅनेजमेंटची सालं काढतो. हे खरं किती आणि टीआरपीसाठी किती? आणि आपल्या मुंबईतले माजी खेळाडू इथल्या क्लबांबद्दल असं उघड का बोलत नाहीत?

या प्रश्नावरची बरीचशी उत्तरं दोन गटांत गेलीत. एक गट म्हणतो, लेजंड आहेत, त्यांना कळणारच. दुसरा म्हणतो, दुकान चालवतायत. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. माजी खेळाडू काय बोलला हे नंतर बघा, आधी तो कुठल्या तारखेला बोलला ते बघा. कोचला नारळ दिल्यावर सगळेच शहाणे होतात. कोचचा करार वाढवला त्या आठवड्यात हा माणूस काय म्हणत होता, ते शोधा.

युनायटेडच्या बाबतीत या तारखा फार बोलक्या आहेत. कोच मोरिन्योचा करार जानेवारी २०१८ मध्ये वाढवला, डिसेंबर २०१८ मध्ये त्याला काढला. सोल्शारचा जुलै २०२१ मध्ये वाढवला, नोव्हेंबर २०२१ मध्ये काढला. टेन हागचा जुलै २०२४ मध्ये वाढवला, २८ ऑक्टोबर २०२४ ला काढला. मधल्या काळात सीईओ बदलले, अल्पसंख्य भागीदार म्हणून जिम रॅटक्लिफ आला, फुटबॉलचा कारभार त्याच्या लोकांकडे गेला, तरी चूक तीच. मोरिन्यो आणि त्याच्या स्टाफला घरी पाठवायला १.९६ कोटी पौंड लागले, टेन हाग आणि त्याच्या स्टाफला १.०४ कोटी. टेन हागनंतर दोनेक महिन्यांतच स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थही गेला, पाच महिन्यांच्या नोकरीनंतर, आणि त्याचे ४१ लाख वेगळे.

असं का होतं? कोचच्या कराराचं शेवटचं वर्ष लागलं की ड्रेसिंग रूम त्याला पाहुणा समजायला लागते. एजंट नव्या खेळाडूला विचारतो, हा माणूस पुढच्या वर्षी असेल का? म्हणून बोर्ड करार वाढवून टाकतं. हा माणूस आपल्याला हवाय की नको, हा मूळ प्रश्न तसाच राहतो, फक्त काढायची किंमत वाढते. टेन हागच्या वेळी तर एफए कप जिंकल्यावर बाकीच्या कोचांशी बोलणी करून झाली आणि मग त्यालाच ठेवलं. त्या उन्हाळ्यात त्याच्या पसंतीचे डी लिख्ट, मझरावी आले, दोघंही त्याच्या आयॅक्सच्या दिवसांतले. नोव्हेंबरमध्ये नवा कोच आमोरिम आला, तो तीन सेंटर-बॅक आणि विंग-बॅक खेळवणारा. हाताशी संघ मात्र चार डिफेंडर आणि विंगरवर बांधलेला. मे २०२५ मध्ये लीगमध्ये पंधरावा नंबर, ४२ गुण, आणि बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून ०-१.

आता टीव्हीवाल्यांना हीच तारखेची कसोटी लावा. ६ मार्च २०१९, पॅरिसमध्ये पीएसजीविरुद्ध ३-१. त्या रात्री स्टुडिओत फर्डिनंडचा सूर असा होता की करार टेबलावर ठेवा आणि ओलेची (तेव्हाचा हंगामी कोच सोल्शार) सही घ्या. २८ मार्चला क्लबने खरंच तीन वर्षांचा करार दिला. त्या मोसमाचा शेवट काय? घरच्या मैदानावर आधीच रेलिगेट झालेल्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलल्या गेलेल्या कार्डिफकडून ०-२, आणि सहावा नंबर. म्हणजे ज्या घाईसाठी मॅनेजमेंटला आज शिव्या पडतात, त्या घाईत बाहेरचा दबाव टाकणारे हेच होते. नेव्हिलचंही तेच. खेळाडू आणि मालक यांच्यावर तो सपासप चालतो, पण कोच जुना सहकारी असला की हात आखडतो. १९९९ च्या त्या तीन करंडक जिंकलेल्या संघातल्या नेव्हिल, सोल्शारसारख्या माणसांनी एकमेकांना मोजताना माप सैल धरणं मानवी आहे, पण ऐकणाऱ्याने ते धरून चालावं.

एक गंमत सांगतो. मालक ओळखीपाळखीवर नेमणुका करतात, ही टीका नेव्हिल पोटतिडकीने करू शकतो, कारण तो त्याचंच उदाहरण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॅलेन्सियाने त्याला कोच केलं. मालक पीटर लिम, जो सॅलफर्ड सिटी या छोट्या क्लबात नेव्हिल आणि मंडळींचा भागीदार होता. आधी कुठे मुख्य कोच म्हणून एक दिवस काम नाही, स्पॅनिश येत नाही. बार्सिलोनाकडून कपमध्ये ०-७, आणि मार्चअखेर घरी. या विषयावर तो बोलतो तेव्हा मी कान देऊन ऐकतो.

ही मंडळी खात्रीने कुठे ऐकावीत? ट्रेनिंग, शिस्त, ड्रेसिंग रूम, मैदानाची आणि इमारतीची अवस्था. ही त्यांनी आतून पाहिलेली कामं आहेत. रोनाल्डोने नोव्हेंबर २०२२ च्या मुलाखतीत सांगितलं की तो २००९ मध्ये गेला तेव्हापासून सोयीसुविधा तशाच आहेत. त्याची भाषा आणि वेळ दोन्ही वाईट होती, आठवड्याभरात करारही संपला, पण मुद्दा बरोबर होता. मे २०२४ मध्ये आर्सेनलची मॅच संपल्यावर ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून पाण्याचा धबधबा कोसळताना जगाने पाहिला. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या गच्चीवर मेअखेर निळी ताडपत्री पडते, तिथे तीही नव्हती.

पैशांच्या बाबतीत मात्र स्टुडिओतलं ऐकून सोडून द्या आणि कागद वाचा. युनायटेड २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, त्यामुळे वार्षिक अहवाल ('फॉर्म २०-एफ') आणि तिमाही आकडे क्लबच्या गुंतवणूकदारांच्या पानावर फुकट मिळतात. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, वार्षिक आकडे सप्टेंबरच्या आसपास येतात. शेकडो पानं वाचायची गरज नाही, चार ओळी शोधा. 'एक्सेप्शनल आयटम्स': कोच, अधिकारी, कर्मचारी काढल्याचा खर्च इथे सापडतो. 'अमॉर्टायझेशन': खेळाडू विकत घेतल्याचा वर्षाचा हिस्सा. 'नेट फायनान्स कॉस्ट्स': व्याज. आणि 'ट्रेड पेएबल्स'च्या टिपेत इतर क्लबांना द्यायचे हप्ते.

व्याजाची ओळ वाचताना एक काळजी घ्या. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाने, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. पुढे त्याचं रूप बदलत ६५ कोटी डॉलरचं मुख्य दीर्घमुदती कर्ज राहिलं. कर्ज डॉलरमध्ये, कमाई पौंडात. पौंड घसरला की कागदावर कर्ज फुगतं, वधारला की 'नफा' दिसतो. एखाद्या तिमाहीत तोटा अचानक कमी दिसला तर कारभार सुधारला असं समजू नका, आधी विनिमय दर बघा. २०२४-२५ मध्ये उत्पन्न ६६.६५ कोटी पौंड, म्हणजे विक्रमी, तरी ३.३ कोटींचा तोटा. आदल्या वर्षी तोटा ११.३२ कोटी होता.

"नको असलेला खेळाडू विकत का नाहीत?" हा स्टुडिओतला लाडका प्रश्न. उत्तर हिशोबात आहे. समजा खेळाडू ८ कोटी पौंडांना, पाच वर्षांच्या करारावर घेतला. पुस्तकात दर वर्षी १.६ कोटी खर्च पडतो. पगार आठवड्याला दीड लाख, म्हणजे वर्षाला ७८ लाख. तो वर्षाला जवळपास २.४ कोटींना पडतो. तीन वर्षांनी पुस्तकी किंमत ३.२ कोटी उरते. बाजारात २ कोटी मिळाले तर त्याच वर्षी १.२ कोटींचा तोटा दाखवावा लागतो. प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांचा मिळून तोटा १०.५ कोटींपर्यंतच चालायचा, आणि तो ओलांडल्याबद्दल एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण कापले गेले. मग क्लब त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरता दुसऱ्या क्लबात धाडतो. लोनमध्ये समोरचा पगारातला वाटा उचलतो, पण पुस्तकातले १.६ कोटी इथेच पडत राहतात. शिवाय त्याला एवढा पगार दुसरीकडे कोणी देत नाही, त्यामुळे खेळाडूलाच जायचं नसतं.

उलट अकादमीतून आलेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य. विकला की अख्खी रक्कम नफा. म्हणून मॅक्टॉमिने ऑगस्ट २०२४ मध्ये इटलीच्या नापोलीला गेला. पहिल्याच मोसमात तिकडे लीग जिंकला, सेरी आचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि इकडे सगळे माजी खेळाडू कपाळावर हात मारून "घरचा मुलगा विकला" म्हणाले. चूक होतीच, पण ती त्या उन्हाळ्यातली नव्हती. आधीच्या चार-पाच वर्षांच्या खरेदीने घरचं सोनं मोडायची वेळ आणली होती. मार्च २०२५ च्या मुलाखतींत रॅटक्लिफनेच सांगितलं की अँटनी, कासेमिरो, ओनाना, हॉयलुंड, सँचो यांचे पैसे अजून द्यायचेत.

खरेदीत ढिसाळपणा म्हणजे नेमकं काय, याचं माझं आवडतं उदाहरण फेलेनी. २०१३ च्या उन्हाळ्यात एव्हर्टनबरोबरच्या त्याच्या करारात २.३५ कोटी पौंडांचं रिलीज क्लॉज (तेवढी रक्कम दिली की खेळाडू सोडावाच लागतो असं कलम) होतं, ३१ जुलैपर्यंत. युनायटेडचा नवा कोच मॉयेस स्वतः एव्हर्टनहून आलेला, त्याला हे माहीत असणारच. युनायटेडने मुदत जाऊ दिली आणि खरेदी-विक्रीच्या विंडोच्या शेवटच्या दिवशी २.७५ कोटी मोजले. चाळीस लाख पौंड नुसते कॅलेंडर न बघण्याचे. वर्षानुवर्षांचा कोच फर्ग्युसन आणि सीईओ डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले, जागेवर आलेला एड वुडवर्ड बँकिंगमधला, आणि फुटबॉल डायरेक्टर हे पद भरायला मार्च २०२१ उजाडला. पोग्बाचंही तेच: २०१२ मध्ये जवळपास फुकट गेला, २०१६ मध्ये ८.९ कोटींना परत आणला, २०२२ मध्ये पुन्हा फुकट गेला.

माजी खेळाडू काँतोनाने फर्ग्युसनचा अॅम्बेसिडरचा करार थांबवल्यावरून रॅटक्लिफला फैलावर घेतलं. भावना समजते, पण वर्षाला वीसेक लाख पौंडांचा तो करार क्लबच्या दुखण्यात कुठेच नव्हता. शेकडो साध्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, ती मला जास्त बोलण्याजोगी गोष्ट वाटते.

आता मुंबई. इथले माजी खेळाडू गप्प का, याचं एक साधं कारण म्हणजे टीका करायला क्लबच उरत नाही. २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला. मुंबई एफसी २०१६-१७ ला आय-लीगमधून खाली गेला आणि संपला. दुसरं कारण पोटाचं. तिकडे नेव्हिलला स्टुडिओ पगार देतो, क्लब नव्हे. इकडे माजी खेळाडूचं कोचिंग, अकादमी, स्काउटिंग, कॉमेंट्री हे सगळं त्याच पाच-पंचवीस माणसांच्या हातात. उघड बोलला की फोन यायचे बंद. अगदी गळ्याशी येतं तेव्हाच बोलतात. भारतीय फुटबॉल फेडरेशनचा २०१० चा पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार संपत आला, २०२५ चा आयएसएल (इंडियन सुपर लीग) मोसम लटकला, तेव्हा सुनील छेत्रीसह खेळाडूंनी मिळून निवेदन काढलं. एकेकट्याने नाही, सगळ्यांनी एकदम, हे लक्षात घ्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मँचेस्टर सिटीचा मालक सिटी फुटबॉल ग्रुपही मुंबई सिटीतून बाहेर पडला, ज्याने २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता.

तरी कागद इथेही मिळतात. आयएसएल क्लब सहसा कंपन्या असतात. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 'व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स'मध्ये शंभर रुपये भरले की ताळेबंद ('एओसी-४') आणि भागधारकांचं विवरण ('एमजीटी-७') बघता येतं. क्लबचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असतं, ते क्लबच्या वेबसाइटच्या अटींच्या पानावर तळाशी सापडतं. ताळेबंदात मालकांकडून घेतलेली कर्जं दर वर्षी किती वाढतात ते बघा. मालकाने हात आखडता घेतला की क्लब किती महिने तगेल, याचा अंदाज तिथेच येतो. नोंदणीबंदी लागलेल्या क्लबांची यादीही फिफाने सार्वजनिक केली आहे.

आणि इथे एकाने विचारलंय की भाऊ क्लबमध्ये खेळतो, पगार थकलाय, मीडियात जावं का. आधी मीडिया नको. फिफाच्या नियमांत कलम १४ बिस आहे: किमान दोन महिन्यांचे पगार थकले, खेळाडूने लेखी नोटीस देऊन पूर्ण रक्कम भरायला किमान १५ दिवसांची मुदत दिली, आणि तरी पैसे आले नाहीत, तर तो योग्य कारणाने करार मोडू शकतो. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब असेल तर प्रकरण फेडरेशनच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे जातं, म्हणून त्याच्या करारात आणि फेडरेशनच्या नियमात याच धर्तीचं कलम काय शब्दांत आहे ते आधी वाचा. नोटिशीत महिना, रक्कम आणि देय तारीख ओळीने लिहा. ती क्लबच्या अधिकृत ईमेलवर आणि नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर नको. त्या पंधरा दिवसांत ट्रेनिंग चुकवू नका. सरावाला आला नाही म्हणून पगार रोखला, असं म्हणायला क्लबला जागा मिळते.