भूमिकेचे आश्वासन आणि पटकथेची मालकी

प्रिय ऐरोलीकर,

तुमचे पत्र मिळाले. तुमच्या विनंतीप्रमाणे तुमचे आणि मालिकेचे नाव येथे देत नाही. मात्र इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमची अडचण थोडक्यात मांडते. तुम्ही सत्तावीस वर्षांच्या आहात आणि घोडबंदर रस्त्यावरील एका सेटवर चित्रीकरण होणाऱ्या दैनंदिन मालिकेत धाकट्या जावेची भूमिका करता. मेकअप रूममध्ये दोन सीनच्या मधल्या वेळात आणि ठाण्याच्या लोकलमध्ये मोबाइलवर लिहीत तुम्ही आठ भागांच्या वेब मालिकेची पटकथा संवादांसह पूर्ण केली आहे. एका निर्मात्याने त्यातील दोन भाग वाचले, ते त्यांना आवडले, आणि आता महिनाअखेरपर्यंत उरलेले सहा भाग त्यांना ईमेलवर हवे आहेत. मुख्य भूमिका तुम्हालाच मिळेल, असे ते म्हणतात. पण कथा आणि पटकथा दिग्दर्शकाच्या नावावर जाईल, तुमचे नाव ‘लेखन साहाय्य’ म्हणून येईल आणि लेखनाचे वेगळे मानधन नसेल, कारण भूमिका हेच मानधन. यातले काहीही कागदावर नाही. आहे तो फक्त रात्री पावणेबाराला आलेला व्हॉट्सॲप संदेश: ‘अगं, तुझं-माझं काय, घरचंच काम आहे.’ तुम्ही विचारता, ‘ताई, नाही म्हटले तर मी नखरेवाली ठरेन, आणि हो म्हटले तर मूर्ख. काय करू?’

उरलेले सहा भाग तूर्त पाठवू नका, हे माझे पहिले आणि स्पष्ट मत. निर्मात्याची नियत वाईट आहे, असे गृहीत धरून मी हे म्हणत नाही. या व्यवहारात तुम्ही जे देणार आहात ते तुमच्या हातात आहे आणि आजच देता येते. ते जे देणार आहेत ते मात्र त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. वाहिनी असो वा ओटीटी, मुख्य भूमिकेतील चेहऱ्याला त्यांची मंजुरी लागते. दोन वर्षे मालिकेत काम केल्यावर हे तुम्हाला मी सांगायला नको. लूक टेस्ट होऊन, कपड्यांची मापे देऊन झाल्यावरही भूमिका दुसरीकडे गेल्याची उदाहरणे तुमच्या आसपास असतील. तसे उद्या झाले, तर निर्माते हळहळतील, कदाचित मनापासून हळहळतील. पण पटकथा त्यांच्याकडे असेल आणि मानधन म्हणून ठरलेली गोष्टच नाहीशी झालेली असेल. म्हणून अभिनय आणि लेखन यांचे दोन स्वतंत्र करार हवेत, आणि एकाची पूर्तता दुसऱ्यावर अवलंबून नसावी. भूमिका मिळाली तर उत्तमच. ती नाही मिळाली तरी लेखिकेला तिचे नाव आणि पैसे मिळालेच पाहिजेत.

आता कायद्याची बाजू, कारण तुमच्या पत्रात ‘मी अजून नोंदणी केलेली नाही, म्हणजे माझा हक्कच नाही’ असे एक वाक्य आहे. ते बरोबर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहिण्यातून निर्माण होतो, नोंदणीतून नव्हे. नोंदणी हा पुरावा असतो. तो पुरावा मात्र तुम्ही या आठवड्यातच तयार करावा. अंधेरीला कार्यालय असलेल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशन या पटकथालेखकांच्या संघटनेचे सदस्यत्व घेतले की पटकथा ऑनलाइन नोंदवता येते, आणि श्रेय किंवा मानधनावरून वाद झाल्यास सदस्यांना तेथील समितीकडे दादही मागता येते. नोंदवताना एका पानाची कल्पना न देता आठही भाग संवादांसह द्या. कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नाटककार आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. ‘सासू आणि सून मिळून खानावळ चालवतात’ एवढ्यावर कोणाचीच मालकी नसते. त्या दोघी कोणत्या प्रसंगांतून जातात आणि काय बोलतात, ते तुमचे असते.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी ‘हो’ म्हटल्याने किंवा फाइल पाठवल्याने मालकी जात नाही. मात्र फाइल एकदा बाहेर गेली की भांडण तुमच्या वाट्याला येते, म्हणूनच आधी कागद. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो. पण ‘करारात वेगळे काही नसल्यास’ ही मेख तेथे आहे आणि निर्मात्यांच्या छापील करारांत बहुधा वेगळे असतेच. म्हणून मुदतीचे कलम शब्द न् शब्द वाचा. हक्क विकल्यानंतरही आपण लेखक असल्याचे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार सिनेमागृहाबाहेरील वापरासाठीच्या रॉयल्टीचा हक्क लेखकाला वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. अर्थात, कायद्यात आहे म्हणून पैसे आपोआप खात्यात येतात, असे नाही. तरीही ‘सर्व हक्क कायमचे सोडून देत आहे’ अशा वाक्याखाली सही मागितली गेली, तर या तरतुदीवर बोट ठेवण्याइतकी माहिती तुमच्यापाशी असावी.

श्रेयाच्या बाबतीत तुम्ही एके ठिकाणी नको तितक्या ताठ आहात आणि दुसऱ्या ठिकाणी नको तितक्या मवाळ, असे मला वाटते. मालिकेच्या सेटवर दिग्दर्शक ‘हे वाक्य जरा बघ ना’ म्हणतात, तुम्ही ते सुधारता आणि नाव मात्र संवादलेखकाचे येते, याचे तुम्हाला वाईट वाटते. ते सोडून द्या. वाक्य तोंडात बसवून घेणे हा नटाच्या कामाचा भाग आहे, आणि रोज एक भाग लिहून देणाऱ्या संवादलेखकाची ओढाताण तुम्ही जवळून पाहिली आहे. परंतु आठ भाग एकटीने लिहिल्यावर ‘लेखन साहाय्य’ स्वीकारणे हा मोठेपणा नाही. दिग्दर्शकांनी खरोखरच पटकथेवर काम केले, तर ‘पटकथा’ या श्रेयात त्यांचे नाव तुमच्या नावानंतर येऊ शकते. ‘कथा’ आणि ‘संवाद’ तुमचेच राहावेत. ‘हिरॉइनने लिहिलेले कोणी गंभीरपणे घेत नाही’ हे निर्मात्यांचे म्हणणे तर मनावरही घेऊ नका. मधुगंधा कुलकर्णी आणि मुग्धा गोडबोले यांना प्रेक्षक अभिनेत्री म्हणून ओळखतात आणि लेखिका म्हणूनही.

निर्मात्यांना फोन करण्याऐवजी लिहून कळवा, कारण फोनवर तुमचा आवाज पडतो, असे तुम्हीच लिहिले आहे. मजकूर साधा असावा: ‘सर, आपल्याला पटकथा आवडली याचा आनंद आहे. उरलेले भाग तयार आहेत. लेखनाचा आणि अभिनयाचा असे दोन स्वतंत्र करार झाले, की लेखनाच्या पहिल्या हप्त्यासोबत मी ते पाठवते. कराराचा मसुदा कधी मिळेल?’ यात ना तक्रार आहे ना माफी. ‘प्लीज समजून घ्या’ हे शब्द तुम्ही जोडाल, असा माझा अंदाज आहे. ते जोडू नका.

नखरेवाली ठराल का? कदाचित काही दिवस ठराल, आणि ही भूमिका हातची जाईलही. ही शक्यता लपवून तुम्हाला सल्ला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण पटकथा तुमच्याकडे राहिली, तर ती दुसऱ्या दारी नेता येईल.

आईंना ‘अभिनय किंवा लेखन, एक काय ते निवड’ असे वाटते, त्यामागे पैशांची काळजी दिसते, आणि ती अनाठायी नाही. मालिकेतले काम केल्यावर नव्वद दिवसांनी हाती पडणारे पैसे त्यांनी पाहिले आहेत. मालिका सोडू नका. तुमच्या पात्राचे कथानक संपेपर्यंत तोच घरखर्चाचा आधार आहे. घरी लिहायला जागा नाही, तर सुट्टीच्या दिवशी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसा. १८९३ पासून ती संस्था वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना सामावून घेत आली आहे. लग्नाचा विषय तुम्ही एका ओळीत उरकला आहे, म्हणून मीही त्यावर लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र निरोप पाठवण्याआधी करायची आहे. सध्याच्या मालिकेचा करार बाहेर काढा. ‘लेखी परवानगीशिवाय अन्यत्र काम करता येणार नाही’ असे कलम अशा करारांत अनेकदा असते. ते केवळ अभिनयापुरते आहे की लेखनालाही लागू होते, आणि कराराच्या काळात तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर त्या मालिकेच्या निर्मितीसंस्थेने काही हक्क सांगितला आहे का, हे या क्षेत्रातील करार पाहणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या. त्यांचे उत्तर आल्यावरच निर्मात्यांना लिहा.

तुमची,
ताई