आधी बेस, मग पेडल

बाळा,

तुमच्या त्रिकुटाचं रेकॉर्डिंग काल रात्री हेडफोन लावून तीनदा ऐकलं. पियानो मनापासून आवडला. ड्रम्सवाल्याचा हातही हलका आहे. पण तिसऱ्या मिनिटाला तू तुझ्या डबल बेसवर (उभ्या, माणसाएवढ्या व्हायोलिनवर) डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारं, पेडल दाबलंस आणि बेसचा खालचा सूर गायब! आवाज दुप्पट झाला, पाया मात्र निघून गेला.

डिस्टॉर्शनमुळे स्वरातले वरचे अंश फुगतात आणि खालचा मूळ स्वर पातळ पडतो. म्हणून सिग्नल दोन वाटांनी ने. एका वाटेवर पेडल, दुसरीवर स्वच्छ बेस, आणि मिक्सरवर दोन्ही एकत्र कर. डबल बेसचं पोट पोकळ असतं, गेन (सिग्नलची वाढ) चढवला की ते घुमायला लागतं. अ‍ॅम्पचं (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरचं) तोंड त्याच्याकडे ठेवू नकोस.

आता ई.एस.टी., म्हणजे एस्ब्यॉर्न स्वेनसन ट्रिओ, नीट बसून ऐक. १९९३ साली जमलेलं हे स्वीडनचं जॅझ त्रिकूट: पियानोवर एस्ब्यॉर्न स्वेनसन, बेसवर डॅन बेरग्लुंड, ड्रम्सवर माग्नुस ओस्ट्रॉम. स्वेनसन आणि ओस्ट्रॉम लहानपणापासूनचे दोस्त, ती सवय वादनात ऐकू येते. हॅम्बुर्गच्या २००६च्या मैफिलीचं रेकॉर्डिंग आहे, तिथून सुरुवात कर. बेरग्लुंड डबल बेसवर बो (व्हायोलिनसारखा गज) चालवतो, तोही डिस्टॉर्शनमधून, आणि न सांगता ऐकवलं तर रॉकची इलेक्ट्रिक गिटार वाटेल. पण बोची ओढ कुठेही तुटत नाही. पेडल काढून घेतलं तरी ती ओळ उभी राहील. तुझी ओळ तशी उभी राहते का, हे आधी पेडलला हात न लावता वाजवून बघ.

ओस्ट्रॉमचे ब्रशेसही (काठ्यांऐवजी वापरायचे तारांचे झुबके) ऐक. ड्रम मशीनवरच्या नाचाच्या संगीतासारखा ताल तो ब्रशवर विणतो, म्हणून पियानोला श्वास घ्यायला जागा मिळते. तुमचा ड्रम्सवाला लॅपटॉपवरचा ताल लावून वर पुन्हा तोच ताल वाजवतोय. दोघांपैकी एकाला गप्प बसव. मी तर लॅपटॉपच बंद करीन.

आणखी एक, माझ्या फार जिव्हाळ्याची गोष्ट. त्यांचा साउंड इंजिनिअर ऑके लिंटन हा त्रिकुटाचा चौथा माणूस मानला जायचा. तुमच्याकडे प्रत्येक कार्यक्रमाला नवा माणूस मिक्सरवर बसतो, त्याला गाणीही ठाऊक नसतात. त्यापेक्षा एकच माणूस धरा, त्याला तालमीला बोलवा, मानधनात बरोबरीचा वाटा द्या.

१४ जून २००८ रोजी स्टॉकहोमजवळ डायव्हिंग करताना स्वेनसन गेला. ४४ वर्षांचा होता. सिडनीच्या स्टुडिओत तिघांनी आयत्या वेळी सुचत जाईल तसं वाजवलेलं ‘ल्यूकोसाइट’ हे रेकॉर्डिंग त्यानंतर बाहेर आलं. ते मात्र एवढ्यात ऐकू नकोस, आधी हॅम्बुर्ग महिनाभर मुरू दे.

रविवारी सकाळी ये. बो आण, पेडल घरी ठेव.

तुझा,
काका