ठाण्यातल्या जुन्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये शॉवरखाली पाणी साचतं. जुन्या लाद्यांवरच नवीन टाइल्स लावून उतार सुधारेल का?
नाही, आधी जुन्या लाद्या फोडाव्या लागतील. उतार खालच्या सिमेंटच्या मालात काढायचा असतो, अ‍ॅडहेसिव्हच्या पातळ थरात तो बसत नाही. ठाणे-नवी मुंबईत अशी कामं करून घेतो, त्यावरून सांगतो. नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतलं पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड) मीटरमागे १२ ते १५ मिलिमीटर ढाळ ठेवा. मिस्त्री ‘नजरेने देतो’ म्हणाला तरी पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून बघाच. शॉवरखाली ढाळ चारही बाजूंनी ट्रॅपकडे उतरतो, त्यामुळे तिथे दोन फुटी टाइल नको (ती वाकत नाही, कापावी लागते). फूटभराची मॅट फिनिश बरी. टाइल लावण्याआधी:
- वॉटरप्रूफिंगचं कोटिंग सगळ्या जमिनीवर, ट्रॅपच्या तोंडाशी आणि भिंतीवर फूटभर, शॉवरच्या भिंतीवर मात्र डोक्याच्या वर.
- ते वाळल्यावर ट्रॅप बंद करून किमान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्यांचं छत बघून या.

मात्र बाकी उतार ठीक असून एकाच कोपऱ्यात पाणी थांबत असेल, तर तेवढ्याच लाद्या काढून भागतं. अर्थात खाली गळती नसेल तरच.