‘सोनं झालं’ म्हणतात, मग मी अजून का रडते?

“आबा ८८ वर्षांचे होते हो मॅडम. कुणालाही विचारा, म्हणतील सोनं झालं. मग मी भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर, कुठंही का रडते? माझ्यात काही बिघडलंय का?”

वैशालीनं खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे विचारून टाकलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) वय ३६, पुण्यात नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. आबा, म्हणजे वडिलांचे वडील, २०२४ च्या आषाढात गेले. ती माझ्याकडे समुपदेशनाला आली सप्टेंबरात. मधल्या दोन महिन्यांत घरच्यांचा धीर सुटत चालला होता. नवरा म्हणायचा, समाधानानं गेले, आता तूही सोड. सासूबाई म्हणायच्या, एवढं रडलं की जाणाऱ्याच्या जिवाला त्रास होतो. कुणीच वाईट हेतूनं बोलत नव्हतं. त्यामुळंच तिला उलटून काही म्हणता येत नव्हतं.

ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. तरुण माणूस गेलं की लोक शेजारी येऊन बसतात. म्हातारं माणूस गेलं की ‘पिकलं पान’ म्हणून उठतात. तेराव्याचं जेवण झालं की नातवंडांना रडायची परवानगीच संपते. समाजानं मान्य न केलेलं असं दुःख वेगळं ओळखावं लागतं, हे केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये नीट मांडलं. पण आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे आधीपासून ठाऊक असणार. दुःखाचा हिशोब गेलेल्याच्या वयावरून लागत नाही. त्या माणसानं आपल्या दिवसातले किती तास भरले होते, यावरून लागतो.

वैशालीचे तास आबांनी भरले होते. आईवडील मुंबईत, लालबागला दहा बाय दहाच्या खोलीत. म्हणून ही चौथीपर्यंत सातारा जिल्ह्यातल्या गावी, आजी-आबांकडे.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, १९७१ च्या लढाईत होते, एवढं कळल्यावर मी उत्साहानं म्हणाले, “मग त्यांच्या पराक्रमाबद्दल सांगा ना.” तिचा चेहरा मिटला. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, “तुम्हीपण?”

मग ते बाहेर आलं. अंत्ययात्रेला माजी सैनिक आले, घोषणा झाल्या, चौकात फ्लेक्स लागला. त्यावर आबांचा पंचविशीतला फोटो, हिरवी टोपी, खाली ‘वीर योद्धा’. भाषणं झाली. बोलणाऱ्यांत सरपंच होते, एक निवृत्त सुभेदार होते, तालुक्याचे कुणी पुढारीही होते. “मॅडम, त्या फ्लेक्सवरच्या माणसाला मी ओळखतच नव्हते. माझे आबा माझी वेणी घालायचे. इतकी घट्ट की कपाळ ओढलं जायचं. शाळेचे बूट पॉलिश करून ओळीत लावायचे. मला ताप आला की रात्रभर उशाशी. त्यांच्याबद्दल तिथं कुणी एक शब्द बोललं नाही. आणि ज्या आबांबद्दल सगळे बोलत होते, त्यांच्याविषयी मी कधी विचारलंच नाही. नात कसली मी?”

म्हणजे गाठ इथं होती. रडण्याला मान्यता नव्हती हे एक. त्याखाली दुसरं: आपण त्यांना अर्धेच ओळखलं, ही बोच.

मी विचारलं, “समजा विचारलं असतं, तर काय म्हणाले असते?”

ती पहिल्यांदा हसली. “म्हणाले असते, गृहपाठ झाला का?”

मी लगेच काही समजावलं नाही. फौजेतून आलेल्या पुष्कळ माणसांच्या घरी हीच गत असते. पेन्शन, कॅन्टीन, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला यावर ते तासभर बोलतील, पण लढाईवर दोन वाक्यं नाहीत. ते घरच्यांना दूर ठेवत असतात असंही नाही. कधी कधी घर ही एकच जागा असते जिथं ते सगळं आत येऊ द्यायचं नसतं.

अशा वेळी आम्ही बहुतेकदा पत्र लिहायला सांगतो, गेलेल्या माणसाला उद्देशून. वैशाली म्हणाली, मला लिहायला जमत नाही. म्हणून मी म्हटलं, त्यांची एखादी वस्तू घेऊन या. मेडल नको, तुम्हाला जवळची वाटेल ती. पुढच्या वेळी ती पुठ्ठ्याच्या दोन वह्या घेऊन आली. आबांच्या काळ्या ट्रंकेत अशा बऱ्याच होत्या. निवृत्त झाल्यापासून आबा रोज दोन-तीन ओळी लिहायचे, पलटणीतला रिपोर्ट द्यावा तशा. पाऊस किती, दूध किती, म्हैस कधी व्यायली. मध्येच: ‘पोरीला ताप. पेज दिली. रात्री उतरला. बाकी सब ठीक.’ प्रत्येक नोंदीचा शेवट हाच, फौजी हिंदीत. ताप उतरो न उतरो, बाकी सब ठीक.

त्या दिवशी आम्ही एक तास नुसत्या नोंदी वाचल्या. मी जवळजवळ काहीच बोलले नाही. ती रडली, पण हे रडणं वेगळं होतं, आणि तिलाही ते जाणवलं.

तेराव्याला आबांचे एक पलटणवाले आले होते, कोल्हापूरकडचे, नातवाचा हात धरून. पंगत उठल्यावर त्यांनी ‘जमालपूर’ आणि ‘धा तारखेची रात’ एवढंच म्हटलं आणि डोळे पुसले. त्या गर्दीत तिनं ते कानाआड केलं होतं. तिसऱ्या भेटीत ते आठवलं. समुपदेशकानं एवढी उत्सुकता दाखवू नये म्हणतात, पण त्या आठवड्यात मी वाचून काढलं. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलच्या रस्त्यावर मोर्चे बांधून बसली होती. शहरात पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण. ९ डिसेंबरला आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. तिकडून कर्नल सुलतान अहमद यांचं उत्तर आलं, त्या कागदात गुंडाळलेली एक गोळी. १० तारखेच्या रात्री बलुच वेढा फोडायला निघाले आणि मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळले. ११ ला जमालपूर पडलं.

मी तारीख सांगितली आणि वैशाली एकदम थांबली. मोबाइलवर तिनं वह्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. शोधून एक माझ्यासमोर धरला. ‘१० डिसेंबर १९९४. थंडी. अंगणात शेकोटी. शेंगा भाजल्या. पोरगी सोबत. साडेदहाला झोपली. आपण जागा. बाकी सब ठीक.’ मग १९९५ चा. मग १९९६ चा. मजकुरात फरक एवढाच, की ती किती वाजता झोपली.

“ती आमची सहल असायची,” ती म्हणाली. “वर्षातून एकदा. मी वाट बघायचे त्या रात्रीची.”

आबा खरोखर त्याचसाठी बसत होते, की नुसती थंडी होती? ते आता कोण सांगणार? मी तिला तसं स्पष्ट म्हटलंही. मेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखल्याचा आव समुपदेशकानं आणू नये. पण ‘मी त्यांना काहीच विचारलं नाही’ हे वाक्य त्यानंतर तिच्या तोंडी आलं नाही.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी पहिल्याच दिवशी दिलं होतं, ते इथं सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी तोच प्रश्न असेल. नाही, काही बिघडलेलं नाही. दोन महिन्यांनी रडू येणं हा आजार नव्हे. आंतरराष्ट्रीय निकषांतसुद्धा किमान सहा महिने उलटून गेल्यावरही दुःख तसंच तीव्र असेल, रोजचं जगणं अडत असेल, आणि ते आपल्या समाजातल्या रीतीपेक्षा फार लांबलं असेल, तेव्हाच वेगळ्या निदानाचा विचार होतो. वैशाली कामावर जात होती, जेवत होती, मुलाचा अभ्यास घेत होती. झोप तेवढी तुटक होती. मात्र झोप-जेवण सुटलं, किंवा आपणही जावं असे विचार यायला लागले, तर महिने मोजत बसू नका. जवळच्या डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा, तो मोफत आहे.

नवऱ्याला आम्ही एकदा बोलावलं. त्याला एकच गोष्ट सांगितली: ‘सोनं झालं’ म्हणू नका, ‘वेणी कशी घालायचे?’ असं विचारा. बिचारा खरंच विचारायला लागला, जरा जास्तच.

डिसेंबरात तिनं एक भेट रद्द केली. गावी गेली होती, मुलाला घेऊन. अकरा तारखेला सकाळी तिचा मेसेज आला: ‘शेंगा करपल्या. हा नऊलाच झोपला. मी एकपर्यंत बसले. बाकी सब ठीक.’